उतरतीचे नऊ

हसनमियाँ वस्ता पूर्णगडहून पहिल्या एसटीने येतात.
पिशवीत तीन बाटल्या, बुचांवर
सुनेच्या अक्षरात मार्च, एप्रिल, मे.
कारळ्याचं तेल, स्वतःच्या घाण्याचं,
दुकानातल्या पश्चिमेकडच्या फळीवरचं.
तिथे खाडीवरून ऊन दोनदा येतं,
एकदा आभाळातून
आणि एकदा पाण्यावर आपटून.

"नाक गेलं हो बाई, त्या तापात," ते म्हणतात,
"आता तुमचा आकडा तेच माझं नाक."

मी तेल मोजते, त्यात रसायन घालते,
चंचुपात्र थोडा वेळ कपाटातल्या अंधारात.
बाहेर काढलं की पिवळसर,
पिठाच्या पाण्याचे चार थेंब टाकले की निळं.
मग नळीतून थेंब, थेंब,
निळं विझेल तो थेंब शेवटचा.
एवढीच माझी नोकरी, बावीस वर्षं.

मार्च नऊ.
एप्रिल एकतीस.
मे नऊ.

"सुधारलं की!" हसनमियाँ खुर्चीतून अर्धे उठले.
"ताप उतरला म्हणायचा."

त्यांना कसं सांगू?
तेल आधी हवा पितं, गुपचूप.
साखळीच्या कड्याकड्यात
हवेची एकेक गाठ मारून ठेवतं.
गाठीला वास नसतो.
मी मोजते त्या गाठी.
मग फळीवर ऊन येतं, वर पत्रा तापतो,
आणि गाठ सुटत नाही, तुटते.
तुटताना साखळीही तिथेच तोडते.
बारीक तुकडे उडतात,
नाकापर्यंत पोचतील इतके हलके.
ते माझ्या नळीला दिसत नाहीत.
गाठी संपल्या म्हणून आकडा खाली येतो.
तेल मागे येत नाही.

म्हटलं, "आंबा घाट आठवा.
चढताना एक वळण लागतं, उतरताना एक,
दोन्हीची उंची सारखी.
पण एकीकडे कोल्हापूर अजून यायचं असतं
आणि दुसरीकडे ते मागे पडलेलं असतं."

ते बराच वेळ बाटल्यांकडे बघत राहिले.
"वास कसला येतो? मेचा?"

मी बूच काढलं.
आधी कापलेल्या गवताचा.
त्याच्या मागे भिजलेल्या पुठ्ठ्याचा.
तळाशी, रंगाचा डबा उघडा राहिला की येतो तसा.
जिभेच्या मुळाशी खवट.
सगळं सांगितलं, एकेक करून,
आंधळ्याला रस्ता सांगावा तसं.

पंखा फिरत होता.
हसनमियाँनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"हलीमा एप्रिलात रोज सांगायची.
कालवणाला वास येतो, डबा आत ठेवा.
रोज. मी म्हणायचो, तुझं आपलं काहीतरी.
मे महिन्यात बोलायची थांबली."
जरा थांबून म्हणाले,
"मला वाटलं, पटलं तिला."

यावर मी काही बोलले नाही.
बोलण्यासारखं होतं ते तिसऱ्या बाटलीत.

"हे आता टाकायचं?"
"खायला नको. होडीच्या फळ्यांना लावा.
तिथे उन्हाने तुटलेलं एकमेकांत गुंततं,
सुकून पापुद्रा धरतं.
नवीन तेल पत्र्याच्या डब्यात, जिन्याखाली.
काच लागलीच तर काळी."
ते मान हलवत होते.
ऐकत होते की नाही, कळलं नाही.

अहवालात मी आकडे भरले.
शेऱ्याची जागा अर्ध्या बोटाची.
मेपुढे बारीक अक्षरात लिहिलं,
उतरतीचे नऊ.
साहेब विचारतील, ही कुठली भाषा.

दोनची एसटी.
फाटकाशी त्यांनी मेची बाटली उघडून
सवयीने नाकाशी धरली.
बूच लावलं.
मग डोक्यावरचा रुमाल काढून
पिशवीवर पांघरला
आणि बोडक्या डोक्याने
उन्हात उभे राहिले.